सीएसआयआरची फेलोशिप आणि संशोधन अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विज्ञान शाखेत एम.एस्सी. करणाऱ्या किंवा केलेल्या विद्यार्थ्यांसाठी, पीएचडीच्या फेलोंसाठी आणि महाविद्यालयात शिकवता शिकवता संशोधन करू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी आहे. परीक्षेच्या तारखा, शुल्क, वयाचे आकडे दर खेपेला जाहिरातीत बघावेत. इथे भर आहे तो निवड झाल्यानंतर काय होते यावर. पोरे परीक्षेत नापास होऊन जेवढी हैराण होत नाहीत, त्याहून अधिक पास झाल्यावर कागदांपायी होतात.

सीएसआयआर म्हणजे नेमके काय?

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. स्थापना २६ सप्टेंबर १९४२, पहिले प्रमुख शांतिस्वरूप भटनागर. कायद्याने ही एक नोंदणीकृत सोसायटी आहे आणि पंतप्रधान तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. देशभर तिच्या ३७ प्रयोगशाळा आहेत. आपल्या जवळच्या तीन म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

परिषद संशोधनाला पैसा देते म्हणजे कोणाला देते?

दोन वाटांनी देते, आणि बाहेरच्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिली वाट स्वतःच्या प्रयोगशाळांची: पगार, इमारती, यंत्रे, अंतर्गत प्रकल्प. परिषदेचा बहुतेक पैसा इकडेच जातो. दुसरी वाट प्रयोगशाळांबाहेरची, म्हणजे विद्यापीठे, आयआयटी, महाविद्यालये. हे काम दिल्लीच्या पुसा संकुलातला मनुष्यबळ विकास गट बघतो. सगळे त्याला एचआरडीजी म्हणतात.

या दुसऱ्या वाटेचा स्वभाव ओळखून घ्या. इथला पैसा मुख्यतः माणसावर खर्च होतो: जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची कनिष्ठ फेलोशिप), एसआरएफ (पुढची वरिष्ठ फेलोशिप), पीएचडीनंतरचे रिसर्च असोसिएट, निवृत्त शास्त्रज्ञांसाठी एमेरिटस सायंटिस्ट. प्रकल्प अनुदानही मिळते, पण मोठे यंत्र घेऊन देणारी संस्था म्हणून सीएसआयआरकडे जाऊ नका. परिषदेला दोन हात आणि एक डोके पाच वर्षे पोसायचे असते. बाकड्यावरचे यंत्र तुमच्या संस्थेने आधीच आणलेले असावे, असे ती गृहीत धरते.

नेट परीक्षेचे स्वरूप काय?

सीएसआयआर आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांची नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होते, जून आणि डिसेंबर. प्रत्यक्ष तारीख पुढे सरकते, तरी सत्राचे नाव तेच राहते. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते, संगणकावर, तीन तास, २०० गुण. विषय पाच: रसायन, जीवन, भौतिक, गणित, आणि पृथ्वी-वातावरण-सागर-ग्रह विज्ञान. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते.

भाग अ सगळ्यांना सारखा: २० प्रश्नांपैकी १५ सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. पुढचे दोन भाग विषयागणिक बदलतात. रसायनात ब भागात ४० पैकी ३५ प्रश्न २ गुणांचे, क भागात ६० पैकी २५ प्रश्न ४ गुणांचे. भौतिकात ब भागात २५ पैकी २० प्रश्न साडेतीन गुणांचे, क भागात ३० पैकी २० प्रश्न ५ गुणांचे.

दोन चुका ठरलेल्या. पहिली, सांगितल्यापेक्षा जास्त प्रश्न सोडवणे. भाग अ मध्ये १८ सोडवले तर पहिले १५च तपासले जातात, त्यामुळे शेवटी खात्रीने सोडवलेले तीन वाया जातात आणि सुरुवातीला अंदाजपंचे टिचकी मारलेले तीन अंगावर राहतात. दुसरी चूक उणे गुणांची. रसायनात चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या २५ टक्के वजावट आहे. म्हणजे क भागात चार गुणांचा प्रश्न चुकला की एक गुण जातो. चार पर्यायांपैकी दोन नक्की बाद करता येत असतील तर धोका पत्करावा, एकही बाद करता येत नसेल तर पुढे जावे. गणिताचा क भाग वेगळा: तिथे उणे गुण नाहीत, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. अर्धे बरोबर म्हणजे शून्य.

निकालात जेआरएफ, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश अशा तीन यादी दिसतात. फरक काय?

जून २०२४ पासून तीन गट आहेत. पहिल्या गटाला फेलोशिप मिळते, शिवाय सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेशही. दुसऱ्याला सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश, फेलोशिप नाही. तिसऱ्याला फक्त पीएचडी प्रवेशासाठी गुण वापरता येतात. जेआरएफला वयाची अट आहे, इतर दोन गटांना नाही.

जेआरएफच्या यादीतही काही नावांपुढे सीएसआयआर असते, काहींपुढे यूजीसी. महिन्याची रक्कम तीच. वेगळे असतात ते दाता, पोर्टल आणि कंटिन्जन्सीचे, म्हणजे कामाच्या किरकोळ खर्चाचे, आकडे. यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते. तुम्ही यूजीसी फेलो असाल तर पुसाला पत्रे पाठवत बसू नका, तिथे तुमची फाईलच नसते.

एम.एस्सी.चा निकाल लागायचा आहे. अर्ज करता येतो का?

येतो, 'रिझल्ट अवेटेड' म्हणून. पण दोन वर्षांच्या आत पदवी ठरलेल्या टक्केवारीने हातात पडली पाहिजे. सर्वसाधारण गटाला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के. ५४.९ चे ५५ होत नाहीत.

आपल्याकडच्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असतो, टक्केवारी नसते. म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचे अधिकृत पत्र आधीच घेऊन ठेवा. मनाने दहाने गुणून लिहिलेला आकडा चालत नाही. सूत्र विद्यापीठागणिक वेगळे असते, आणि त्या एका पत्रासाठी खिडकीवर तीन-तीन खेपा होतात.

महाराष्ट्राचे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र चालेल का?

चालत नाही, आणि दर सत्राला कोणीतरी इथे अडकतोच. केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र वेगळे असते. तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' असे स्पष्ट लिहा, नाहीतर सवयीने राज्याचाच नमुना हातात देतात. त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. विमुक्त-भटक्यांना राज्यात वेगळा प्रवर्ग आहे, केंद्रात तो नाही. तिथे यातल्या बऱ्याच जाती ओबीसीत धरल्या जातात. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्राच्या परीक्षेत लागू नाही. त्या प्रवर्गातल्या उमेदवारांनी निकषात बसत असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) बघावे. प्रमाणपत्र कोणत्या आर्थिक वर्षाचे हवे ते जाहिरातीत दिलेले असते. जुने प्रमाणपत्र म्हणजे प्रमाणपत्र नाही असेच समजा.

महिन्याला किती मिळतात?

१ जानेवारी २०२३ पासूनचे दर असे: जेआरएफ ३७,००० रुपये, एसआरएफ ४२,००० रुपये. पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला तीन टप्प्यांत ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००. जेआरएफची पहिली दोन वर्षे, पुढे एसआरएफ, एकूण पाच वर्षांपर्यंत.

यावर घरभाडे भत्ता. तो केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या शहर-वर्गीकरणाप्रमाणे मिळतो. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर वाय वर्गात, लहान गावे झेड वर्गात. दर ३०, २० आणि १० टक्के असतील तर पुण्यातल्या जेआरएफला ११,१०० भत्ता धरून ४८,१००, कोल्हापुरात ७,४०० धरून ४४,४०० आणि झेड वर्गातल्या गावी ४०,७०० बसतात.

वसतिगृहात खोली मिळाली की भत्ता बंद. संस्थेने खोली देऊ केली आणि तुम्ही 'मला बाहेर राहायचेय' म्हणून नाकारली, तरीही बंद. म्हणून भत्त्याच्या अर्जासोबत संस्थेचे 'खोली उपलब्ध नाही' असे पत्र लागते. वसतिगृह अधीक्षकाने मोघम लिहिलेले पत्र परत येते. तारखेपासून तारखेपर्यंत लिहून घ्या.

कंटिन्जन्सी म्हणजे काय, आणि ती माझ्या खात्यात का येत नाही?

सीएसआयआर फेलोमागे वर्षाला २०,००० रुपये देते. ती रक्कम संस्थेकडे येते, कारण ती तुमच्या कामासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. रसायने, काचसामान, किरकोळ सुटे भाग, नमुन्यांची तपासणी, क्षेत्रभेटीचा प्रवास, परिषदेला जाणे यांवर ती खर्च होते. खुर्ची-कपाट असल्या फर्निचरवर करता येत नाही.

खरा घोळ असा होतो: विभागात एकाच नावाने पाच फेलोंची रसायने मागवली जातात आणि बिल एकाच्या कंटिन्जन्सीतून जाते. वर्षअखेरीला खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, करायला बसले की आकडे जुळत नाहीत. यूसी गेली नाही की पुढचा हप्ता येत नाही. आपल्या फाईल क्रमांकाचे बिल वेगळे मागवा, त्यावर गाइडची सही आणि साठा-नोंदवहीचे पान क्रमांक घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा. एवढे केले की हिशोब विभागात तुमच्या नावाने कोणी ओरडत नाही.

निवडीचे पत्र आले. पैसे सुरू व्हायला काय करावे लागते?

पत्र आले म्हणजे पैसे सुरू झाले असे नाही. घड्याळ रुजू झाल्याच्या तारखेपासून चालू होते. त्यासाठी आधी गाइड हवा, गाइडकडे जागा हवी. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. नामवंत गाइडची जागा भरलेली असते, हे पत्र हातात पडल्यावर कळून उपयोग नाही. निकालाच्या आधीच तीन-चार जणांशी बोलून ठेवावे. पत्रावर रुजू होण्याची मुदत छापलेली असते, ती उलटली की फेलोशिप गेली.

मग जॉइनिंग रिपोर्ट: ठरलेला नमुना, गाइड, विभागप्रमुख आणि संस्थाप्रमुख यांच्या सह्या, हमीपत्र, संशोधनाचा विषय, दहावीपासूनची प्रमाणपत्रे, जातीचे असल्यास ते, बँकेचा तपशील.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते, खाली आईचे नाव वेगळे. आधारवर स्वतःचे नाव आधी. बँकेने पासबुकावर वडिलांच्या नावाचे नुसते अक्षर घातलेले. नेटच्या अर्जात चौथेच काही. 'पाटील स्नेहल संजय', 'स्नेहल संजय पाटील' आणि 'स्नेहल एस. पाटील' या तीन व्यक्ती नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, संगणकाला नाही. पैसा सरकारच्या पीएफएमएस प्रणालीतून थेट खात्यात यायचा तर खात्यावरचे नाव प्रणालीतल्या नावाशी जुळावे लागते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जोडा. आधार खात्याशी नुसते जोडलेले असून भागत नाही. एकाहून जास्त खाती असतील तर थेट लाभाचा पैसा कोणत्या खात्यात वळतोय ते बँकेत विचारा. 'पैसे आले नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी काहींचे पैसे जुन्या शिष्यवृत्तीसाठी बारावीत काढलेल्या खात्यात पडलेले असतात.

तीन महिने फेलोशिप आली नाही. कुठे विचारायचे?

दिल्लीला फोन लावण्याआधी स्वतःच्या इमारतीत जिने चढा. विचारायचा क्रम असा ठेवा: गाइडने हजेरीच्या दाखल्यावर सही केली का, तो कागद विभागातून निघाला का, संस्थेच्या कार्यालयाने तो पुढे चढवला का, संस्थेची आधीची यूसी थकलेली आहे का, मग नावा-खात्याची जुळणी. एवढे तपासून झाल्यावर एचआरडीजीला फाईल क्रमांक, रुजू झाल्याची तारीख आणि न आलेले महिने अशा तीन ओळींचे ईमेल लिहा. दोन पानी कैफियत लिहिली की तिला उत्तर येत नाही.

एप्रिल-मेमध्ये थोडा उशीर होतोच. आर्थिक वर्ष बदलताना नवी तरतूद खाली उतरायला वेळ लागतो. मार्चअखेर दोन महिन्यांचे पैसे शिल्लक ठेवणारा फेलो शहाणा. मेसवाल्याला आर्थिक वर्ष कळत नाही.

जेआरएफवरून एसआरएफवर कसे जायचे?

आपोआप होत नाही. दोन वर्षे पूर्ण होताना तीन जणांची समिती बसते: गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरच्या संस्थेतला एक तज्ज्ञ. तुम्ही सादरीकरण करता, समिती ठरलेल्या नमुन्यात शिफारस करते, सोबत प्रगती अहवाल आणि पीएचडी नोंदणीचे पत्र जाते. नोंदणी झालेली नसेल तर गाडी इथेच थांबते. काम समाधानकारक नसेल तर एसआरएफ मिळत नाही. प्रसंगी फेलोशिपही थांबते.

बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळवणे हाच खरा कार्यक्रम. दोन महिने आधी लागा. बैठक उशिरा झाली तर तोवर जेआरएफच्याच दराने पैसे येतात आणि फरक मागाहून मिळवावा लागतो. फरकाची बिले कार्यालयात कशी फिरतात ते वेगळे सांगायला नको.

पीएचडीला सहा वर्षे आणि फेलोशिप पाच. मधल्या वर्षाचे काय?

यूजीसीच्या नियमात पीएचडीची किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. महिला आणि दिव्यांग संशोधकांना दोन वर्षांची आणखी सवलत मिळू शकते. फेलोशिपचे घड्याळ मात्र रुजू झाल्या दिवसापासून चालते, नोंदणी झाल्या दिवसापासून नाही. काही विद्यापीठांत प्रवेश, मान्यता समितीची बैठक, किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क या सगळ्यात पहिले वर्ष सहज जाते. मग पाचवे वर्ष संपताना प्रबंध अर्धा असतो आणि पैसे बंद.

यावर उपाय एकच, आणि तो पहिल्याच वर्षी करायचा: कोर्सवर्क चालू असतानाच प्रयोगाची जुळवाजुळव. जीवशास्त्रात एक ऋतू चुकला की वर्ष गेले. पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतीवर काम असेल आणि वन विभागाची परवानगी ऑक्टोबरात आली, तर नमुने पुढच्या जुलैत. परवानगीचा अर्ज विषय पक्का झाल्याच्या आठवड्यात गेला पाहिजे.

बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्याच्या संस्थांची फेलोशिप आहे. जेआरएफही घेता येईल का?

एका वेळी एकच. जेआरएफवर रुजू होण्याआधी आधीच्या संस्थेला लेखी कळवून ना हरकत पत्र घ्या आणि दोन्हींच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नका. चढल्या तर पैसे परत भरावे लागतात. नोकरीचेही तसेच. कुठे तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर न सांगता चालू ठेवू नका.

रजा किती? दिवाळीची सुट्टी मिळते का?

वर्षाला ३० दिवसांपर्यंत, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. विद्यापीठाच्या दिवाळी-उन्हाळी सुट्ट्या फेलोला लागू नाहीत. विभागाला कुलूप असले तरी तुम्ही कामावर आहात असेच धरले जाते. प्रसूती रजा फेलोशिपसह मिळते, तिचा अर्ज वैद्यकीय दाखल्यासह संस्थेमार्फत आधीच पाठवा.

गाइड किंवा संस्था बदलता येते का?

येते, पण आधी परवानगी, मग बदल. दोन्ही गाइडांची आणि दोन्ही संस्थांची ना हरकत पत्रे लागतात, शिवाय जुन्या संस्थेकडून हिशोब पूर्ण झाल्याचा कागद. आधी जाऊन बसले आणि मग कळवले, तर मधल्या महिन्यांचे पैसे अडकतात. भांडण झाले असेल तर अर्जात भांडण लिहू नका. विषय, सोयी आणि कामाचा पुढचा आराखडा लिहा.

शोधनिबंधात सीएसआयआरचा उल्लेख करावा लागतो का?

हो, फाईल क्रमांकासह. विद्यापीठातल्या बहुतेक फेलोंचा क्रमांक ०९/ने सुरू होतो. नुसते 'सीएसआयआरचे आभार' लिहिले तर तो निबंध तुमच्या फाईलवर धरायला अडचण येते.

मी महाविद्यालयात प्राध्यापक आहे. प्रकल्पासाठी सीएसआयआरकडे जाऊ की एएनआरएफकडे?

एएनआरएफ म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. त्याचा कायदा २०२३चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून, आणि पूर्वीचे एसईआरबी (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात विलीन झाले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली आहे, पण त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे, हे ध्यानात असू द्या.

निवडीचा सोपा निकष: कामाला यंत्र हवे असेल तर एएनआरएफ, माणूस आणि रसायने हवी असतील तर सीएसआयआरचे प्रकल्प अनुदान, मुदत तीन वर्षांपर्यंत. वैद्यकीय विषय असेल तर आयसीएमआर, सामाजिक शास्त्रे असतील तर आयसीएसएसआर. एकच प्रस्ताव नाव बदलून दोन ठिकाणी पाठवू नका. परीक्षक मंडळी तीच असतात, आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली असते.

प्रस्ताव नामंजूर का होतात?

बहुतेक वेळा विषय वाईट म्हणून नव्हे, तर तीन वर्षांत न मावणारा म्हणून. 'सह्याद्रीतील औषधी वनस्पतींचा अभ्यास' हा प्रस्ताव नव्हे, आयुष्य आहे. त्याऐवजी असे लिहिलेले टिकते: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या गाळातून शिसे सहन करणारे जिवाणू वेगळे करणे, चार ठिकाणे, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन वर्षे, म्हणजे १६ नमुने, प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्ती, कोणत्या संहतीपर्यंत वाढ होते ते मोजणे. परीक्षकाला बेरीज करता आली पाहिजे.

यानंतर पाहतात ते प्राथमिक निष्कर्ष. एक आलेख, एक छायाचित्र, एक पडताळलेली मोजणी पुरते. पण ती हवीच. 'हे यापूर्वी कोणी केलेले नाही' या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही, कारण न करण्याला कारण असू शकते.

तिसरी गोष्ट परवानग्या. प्राण्यांवर प्रयोग असतील तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता, जनुकीय बदल असतील तर जैवसुरक्षा समितीची. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी. ही पत्रे 'प्रक्रियेत आहेत' असे लिहिलेले प्रस्ताव मागे पडतात.

आणि अंदाजपत्रक. दहा लाखांचे यंत्र दहा लाखांना येत नाही. १८ टक्के जीएसटी धरला की ११ लाख ८० हजार होतात, वर स्टॅबिलायझर, यूपीएस, हमीनंतरची देखभाल. मंजुरी दहाची आणि बिल बाराचे, मग उरलेले दोन कोण देणार यावर सहा महिने पत्रव्यवहार. कोटेशन प्रस्तावाच्या आधी घ्या, करासह घ्या.

प्रकल्प मंजूर झाला. खर्च करताना काय चुकते?

पूर्वी अनुदान संस्थेच्या खात्यात येऊन पडे. आता अनेक योजनांत खाते शून्य शिल्लकीचे असते. तुम्हाला खर्चाची मर्यादा मिळते आणि पैसा थेट विक्रेत्याला जातो. न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला मावळते. म्हणून 'फेब्रुवारीत एकदम खरेदी करू' ही जुनी सवय अंगाशी येते: विक्रेता प्रणालीत नोंदलेला नसतो, माल येत नाही, आणि माल आल्याची नोंद झाल्याशिवाय बिल चढत नाही.

खरेदी सरकारी वित्त नियमांप्रमाणे. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी मर्यादा वाढवल्या: कोटेशनशिवाय खरेदी एक लाखावरून दोन लाखांपर्यंत, आणि खरेदी समितीमार्फतची दहा लाखांवरून २५ लाखांपर्यंत. तुमच्या महाविद्यालयाच्या हिशोब विभागाने हे परिपत्रक वाचलेले असेल असे धरून चालू नका. छापील प्रत घेऊनच जा. एकच खरेदी तुकडे करून मर्यादेखाली बसवणे मात्र नको, ऑडिटवाले पहिली टिकमार्क तिथेच करतात.

वर्षअखेरीला १२-अ नमुन्यातली यूसी, खर्चाचे विवरण आणि प्रगती अहवाल एकत्र जातात. एका शीर्षाखालचे पैसे परवानगीशिवाय दुसऱ्या शीर्षाखाली वापरू नका. रसायनांच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप कितीही उपयोगी पडला तरी यूसीत बसत नाही.

फेलो नाही, प्रकल्प नाही. तरी सीएसआयआरच्या प्रयोगशाळांचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि लोक तो पुरेसा करून घेत नाहीत. एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. संस्थेच्या पत्रावर शुल्क भरून तिथून ओळख पटलेला जिवाणू किंवा बुरशी मागवता येते. शेजारच्या विभागातून नावाची चिठ्ठी पुसट झालेली परीक्षानळी उसनी आणण्यापेक्षा हे लाख पटींनी बरे. त्या उसन्या नळीत नक्की काय आहे हे व्हायव्हात विचारले की उत्तर नसते. महागडी यंत्रे शुल्कावर वापरायला मिळतात, कुठे कोणते आहे ते आय-स्टेम पोर्टलवर शोधा. पीएचडी या प्रयोगशाळांतच करायची असेल तर अ‍ॅकसिर या अकादमीमार्फत प्रवेश मिळतो.

आणि प्रयोगशाळा म्हणजे फक्त यंत्रे, हाही एक गैरसमज. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या कामाला उपयोगी पडले ते जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध, कपाटातून शोधून क्रमाने लावलेले.

फेलोशिप मध्येच सोडून नोकरी धरली तर?

धरता येते. आधी लेखी कळवा, कार्यमुक्तीची तारीख संस्थेकडून लिहून घ्या, त्या तारखेनंतर खात्यात आलेला एखादा हप्ता स्वतःहून परत करा, तोवरच्या कामाचा अहवाल पाठवा. साठा-नोंदवहीतल्या वस्तू, प्रयोगवह्या आणि फ्रीजरमधले नमुने यादी करून गाइडच्या सहीने सोपवा. तो यादीचा कागद जपून ठेवा. तीन वर्षांनी ऑडिटात पिपेट सापडत नाही तेव्हा तुमच्याच नावाने फोन येतो.